१८ लिटर की २८ लिटर? कोकणात चालणाऱ्याच्या सॅकचे गणित

दिवसभराच्या भटकंतीसाठी हलक्या वजनाची सॅक घ्यायला गेले की एकच नमुना बहुधा दोन मापांत समोर येतो. ती मापे १८ लिटर आणि २८ लिटर आहेत, असे धरू. कापड तेच, पट्टे तेच, किमतीतही फार अंतर नसते. अशा वेळी काही जण ‘असू दे जास्तीची जागा’ म्हणून मोठी उचलतात, तर काही जण ‘हलकी बरी’ म्हणून लहान. यातले पहिले कारण अपुरे आहे आणि दुसरे जवळजवळ निराधार आहे. हरिहरेश्वरपासून रेडीपर्यंतच्या किनाऱ्यावर पाखाड्या (दगडी पायऱ्यांच्या वाटा) चढणाऱ्या आणि सडे (जांभ्या दगडाची उघडी पठारे) तुडवणाऱ्या माणसाने लिटरच्या आकड्याआधी दोन गोष्टी तपासायला हव्यात : आपल्या सामानाची घनता किती, आणि ते सामान पाठीपासून किती अंतरावर बसते.

आधी हलकेपणाचा गैरसमज दूर करू. १८ लिटरची सॅक साधारण ४५ सेंटिमीटर उंच, २७ रुंद आणि १५ खोल असा ठोकळा मानला, तर तिच्या सहा बाजूंना मिळून सुमारे ०.४६ चौरस मीटर कापड लागते. तोच आकार सर्व बाजूंनी सारखा वाढवून २८ लिटरचा केला, तर घनफळ दीडपटीहून थोडे अधिक होते. पण पृष्ठफळ घनफळाच्या दोन-तृतीयांश घाताने वाढत असल्याने कापड केवळ एक-तृतीयांशाने वाढते आणि सुमारे ०.६२ चौरस मीटर होते. चौरस मीटरला १०० ग्रॅम वजनाचे पातळ नायलॉन धरले, तर दोन्ही सॅकच्या कापडातला फरक १६ ग्रॅमच्या आसपास येतो. बंद, बकले आणि खांद्याचे पट्टे दोन्हींत जवळपास सारखेच असतात. मोठ्या सॅकला कंबरपट्टा किंवा पाठीला जाड फोम जोडलेला असेल तर वजन नक्कीच वाढते, पण ती वाढ रचनेमुळे होते, मापामुळे नव्हे. सॅकचे खरे वजन तिच्या आत काय जाते यावरच ठरते.

लेबलवरचा लिटरचा आकडाही जपून वाचावा लागतो. कापडी पिशवीत पाणी ओतून माप घेता येत नाही, म्हणून प्रमाणित पद्धतीत तिच्यात प्लॅस्टिकचे लहान गोळे भरतात आणि मग ते गोळे मोजपात्रात ओतून घनफळ ठरवतात. बाहेरचे जाळीदार कप्पे या मोजणीत धरायचे की नाही, याबाबत सगळे उत्पादक एकसारखे वागत नाहीत. त्यामुळे दोन वेगवेगळ्या उत्पादकांच्या ‘१८ लिटर’ सॅकांमध्ये पाण्याच्या एका बाटलीएवढा फरक सहज पडू शकतो. शिवाय आपले सामान म्हणजे सारखे गोळे नव्हेत. सारख्या आकाराचे गोळे एखाद्या भांड्यात कसेही ओतून हलवून बसवले, तरी ते जागेचा सुमारे ६४ टक्के भागच व्यापतात आणि उरलेली जागा फटींत जाते. डबा, बाटली, बॅटरी, पॉवर बँक अशा ताठ वस्तूंचेही तेच होते. त्या फटी भरून काढतो तो पंचा, टोपी, सदरा असा मऊ माल. सामानात ताठ वस्तू किती आणि मऊ किती, यावरही तीच सॅक कोणाला ऐसपैस वाटते आणि कोणाला अपुरी.

आता पाण्याकडे वळू, कारण कोकणात सगळा हिशोब तिथेच फिरतो. चढणीवर चालताना स्नायू जी ऊर्जा खर्च करतात, तिच्यातला जेमतेम पाव हिस्सा प्रत्यक्ष कामात उतरतो आणि उरलेली उष्णता होऊन शरीरात राहते. मध्यम चढावर माणूस साधारण ४०० वॅट दराने ऊर्जा खर्चत असेल, तर ३०० वॅटच्या आसपास उष्णता बाहेर टाकावी लागते. हवा अंगाइतकीच तापलेली असताना ती बाहेर टाकण्याचा मुख्य मार्ग घामाचे बाष्पीभवन हाच उरतो. एक लिटर घाम पूर्ण वाळला तर सुमारे २४ लाख जूल उष्णता घेऊन जातो. त्या हिशोबाने तासाला साडेचारशे ते पाचशे मिलिलिटर घाम वाळायला हवा. इथे ‘वाळायला’ हा शब्द महत्त्वाचा आहे, कारण जो घाम थेंबाथेंबाने ओघळून खाली पडतो, तो शरीरातले पाणी नेतो, उष्णता मात्र जवळजवळ नेत नाही.

घाम किती वेगाने वाळेल हे तापमानाइतकेच त्वचेजवळच्या आणि हवेतल्या बाष्पदाबांतल्या, म्हणजे पाण्याच्या वाफेच्या दाबांतल्या, फरकावर अवलंबून असते. ३५ अंश सेल्सिअसच्या ओल्या त्वचेवर संपृक्त बाष्पदाब सुमारे ५.६ किलोपास्कल असतो. मे महिन्यात किनाऱ्यावर हवा ३३ अंशांवर आणि सापेक्ष आर्द्रता ७० टक्के असेल, तर हवेतला बाष्पदाब ३.५ किलोपास्कलच्या घरात जातो आणि घामाला वाळण्यासाठी २.१ किलोपास्कलचा फरक मिळतो. घाटमाथ्यापलीकडे, देशावर, त्याच दिवसांत तापमान ३८ अंश आणि आर्द्रता २० टक्के असेल, तर हा फरक ४.३ किलोपास्कल होतो. म्हणजे वारा सारखाच असेल, तर पाच अंशांनी अधिक तापलेल्या हवेतसुद्धा देशावर घाम दुप्पट जोमाने वाळतो. कोकणात शरीर ही उणीव अधिक घाम गाळून भरून काढू पाहते आणि त्यातला बराचसा ओघळून वाया जातो. सोलापूरकडच्या पाहुण्याला रत्नागिरीच्या ३३ अंशांत जीव नकोसा होतो, तो नाजूकपणामुळे नव्हे.

याचा अर्थ असा की चार तासांच्या चालीसाठी दोन लिटर पाणी हा कोरड्या हवेतला हिशोब किनाऱ्यावर तीन लिटरपर्यंत न्यावा लागतो. विशेषतः सड्यावर. बारसू, कशेळी, देवाचे गोठणे इथल्या कातळशिल्पांची ‘युनेस्को’च्या संभाव्य यादीत २०२२ साली नोंद झाल्यापासून ती पाहण्यासाठी जांभ्याच्या उघड्या पठारांवर फिरणाऱ्यांची वर्दळ वाढली आहे. त्या पठारांवर सावलीला झाड नसते आणि पावसाळा सरल्यावर पाण्याचा टिपूसही मिळत नाही. खाली वाडीत कोणी कोकम सरबत हाती देईल हा भरवसा चांगला आहे, पण तो सड्यावर उपयोगी पडत नाही.

तीन लिटर पाणी म्हणजे तीन किलो वजन. त्याखेरीज भाकरी-भाजीचा डबा, टोपी, पंचा, छोटी छत्री, प्रथमोपचाराची पुडी, मोबाइलची पॉवर बँक हे सगळे मिळून दोन किलोंच्या आत बसते. एकूण भार पाच किलो होतो आणि जागा लागते ती फटी धरून नऊ-दहा लिटर. म्हणजे ऑक्टोबर ते मे या काळातले कोकणी भटकंतीचे सामान वजनदार असते, पण आकाराने लहान असते. १८ लिटरच्या सॅकमध्येही ते अर्ध्याहून थोडी अधिक जागाच व्यापते. २८ लिटरच्या सॅकमध्ये तर तळाशी तिसऱ्या हिश्शात गोळा होऊन बसते.

ही रिकामी जागा वाटते तितकी निरुपद्रवी नाही. वरच्या ठोकळ्याच्या हिशोबात दहा लिटर सामान लहान सॅकमध्ये तळापासून २५ सेंटिमीटर उंचीपर्यंत भरते, तर मोठीमध्ये १८ सेंटिमीटरपर्यंत. मोठ्या सॅकची लांबी मुळातच सात सेंटिमीटर अधिक असल्याने तिचा तळ तेवढाच खाली लोंबतो. दोन्ही मिळून भाराचे गुरुत्वमध्य सुमारे दहा सेंटिमीटर खाली उतरते. हलक्या सॅकला आत ताठ चौकट नसते, त्यामुळे तळाशी जमलेला भार कापडाला मागे खेचतो, सॅक वरच्या बाजूने पाठीपासून सुटते आणि तोल सांभाळायला माणूस पुढे झुकतो. त्यातच सामान मोकळे असेल तर प्रत्येक पावलाला ते शरीराच्या मागून उशिरा हलते. उंच-सखल जांभ्यावर किंवा ओल्या पाखाडीवर पाय टाकताना हा उशिराचा धक्का नेमका चुकीच्या क्षणी लागतो. होडीच्या तळाशी साचलेले पाणी कलत्या बाजूला धावते आणि होडीला आणखी कलवते, हे मच्छीमाराला ठाऊक असते. अर्धी रिकामी मोठी बाटली सॅकमध्ये लहान प्रमाणावर तेच करते. म्हणून तीन लिटरच्या एका बाटलीपेक्षा एकेक लिटरच्या तीन घ्याव्यात, एक पूर्ण संपवून मग दुसरी उघडावी, आणि भरलेल्या बाटल्या पाठीला चिकटून मध्यावर राहतील अशा बसवाव्यात.

भाराने दमणूक किती वाढते, याचा अंदाज केंट पँडॉल्फ आणि सहकाऱ्यांनी १९७७ साली मांडलेल्या समीकरणावरून करता येतो. पाठीवरचा भार शरीराच्या मानाने लहान असेल, तर चालण्याचा ऊर्जाखर्च साधारणपणे शरीर आणि भार यांच्या बेरजेच्या प्रमाणात वाढतो. साठ किलोच्या माणसाने पाचऐवजी सात किलो घेतले, तर खर्च तीन टक्क्यांच्या आसपास वाढेल. हा आकडा वाचून कोणी मोठी सॅक बिनधास्त भरेल, पण खांद्यांना टक्केवारी कळत नाही. कंबरपट्टा नसलेल्या सॅकचा सगळा भार दोन पट्ट्यांवर येतो, आणि पट्टा निम्म्या रुंदीचा असेल तर तेवढ्याच वजनाचा दाब दुप्पट होतो. २८ लिटरची सॅक आठ किलोंपर्यंत सहज भरली जाते. पातळ पट्ट्यांवर आठ किलो घेऊन दुपारपर्यंत चालणे ही शिक्षाच आहे.

मोठ्या सॅकने पाठही अधिक झाकली जाते. आपल्या ठोकळ्यांच्या मापाने लहान सॅक सुमारे १२०० चौरस सेंटिमीटर पाठ झाकते, मोठी १६०० चौरस सेंटिमीटर. प्रौढ माणसाच्या एकूण त्वचेच्या मानाने हा फरक दोन-अडीच टक्क्यांचाच आहे, तेव्हा त्याचे फार कौतुक नको.

इथवरचा सगळा कौल लहान सॅकच्या बाजूने जातो. जूनमध्ये मात्र हिशोब उलटतो. पावसाळ्यात पाणी थोडे कमी न्यावे लागते, पण रेनकोट, कोरड्या कपड्यांचा एक जोड, जाड पंचा, बदलायच्या चपला आणि भिजलेले कपडे वेगळे ठेवायची पिशवी, हे सारे वजनाने किरकोळ आणि आकाराने अवाढव्य असते. दहा लिटरच्या मूळ सामानात आणखी तेवढीच भर पडते. १८ लिटरच्या सॅकमध्ये हे कोंबले, तर कोरडे कपडे ओल्या रेनकोटाला चिकटून बसतात आणि मग ते आणून न आणल्यासारखेच. छत्रीची मदतही मर्यादित असते : ती डोके आणि खांदे सांभाळते, पण पाठीवर वीतभर पुढे आलेली सॅक भिजतेच. शेतात वाकून लावणी करणाऱ्याचे इरले डोक्यापासून पाठीपर्यंत सगळे एकाच कवचाखाली घेते. त्या तत्त्वाने सॅकवरूनही येणारा पोंचो छत्रीपेक्षा कितीतरी उपयोगी आहे.

कापडाच्या बाबतीत कोकणाची हवा दोन्ही मापांना सारखीच छळते. हलक्या सॅकच्या कापडावर ७० किंवा २१० डेनिअर असे लिहिलेले असते. नऊ हजार मीटर धाग्याचे ग्रॅममधले वजन म्हणजे डेनिअर. रिपस्टॉप विणीत ठरावीक अंतरावर घातलेले जाड धागे फाटलेली जागा पुढे वाढू देत नाहीत, त्यामुळे करवंदीच्या जाळीत अडकलेली सॅक एका टोकदार भोकावर निभावते. जांभ्याच्या खरखरीत पृष्ठभागावर टेकवून ओढलेल्या तळाला मात्र या विणीचा फायदा नाही. घासण्यापुढे धाग्याची जाडीच टिकते. मोठी सॅक अधिक वेळा खाली टेकवली जाते आणि तळाशी अधिक भार घेते, म्हणून तिचा तळ जाड धाग्याचा आहे ना हे पाहावे.

याहून मोठा शत्रू आतल्या बाजूला असतो. पाणी अडवण्यासाठी कापडाला आतून बहुधा पॉलियुरेथेनचा लेप दिलेला असतो, आणि त्यातल्या अनेक प्रकारांतले रासायनिक बंध उष्ण, दमट हवेत पाण्याच्या रेणूंमुळे हळूहळू तुटतात. लेप आधी चिकट होतो, त्याला आंबूस वास येतो आणि शेवटी त्याचे पापुद्रे सुटतात. पावसाळ्यात माळ्यावर घडी करून टाकलेली सॅक न वापरताच म्हातारी होते ती अशी. सिलिकॉनचा लेप या बाबतीत पुष्कळ टिकाऊ आहे, पण त्यावर शिवणीची चिकटपट्टी नीट बसत नाही. खाऱ्या हवेत चेनचे धातूचे रनर गंजतात. समुद्रावरून आल्यावर गोड्या पाण्याने ते धुणे एवढाच उपाय. कोणतीही हलकी सॅक शिवणींतून थोडीफार झिरपणारच असे धरून आत एक जाड प्लॅस्टिकची पिशवी घालावी, म्हणजे लेपाच्या आयुष्यावर कोरडे कपडे अवलंबून राहत नाहीत.

तेव्हा जो पावसात बाहेर पडत नाही, त्याने १८ लिटरची घ्यावी. भरलेल्या एसटीत ती मांडीवरही मावते. जो जून ते सप्टेंबर चालतो, त्याने २८ लिटरची घ्यावी, पण एका अटीवर : दोन्ही बाजूंना आवळपट्टे हवेत. ते ओढून सॅकची खोली कमी केली की उन्हाळ्यातले दहा लिटर सामान पाठीला घट्ट बसते आणि तळाशी गोळा होत नाही. आवळपट्टे नसलेली २८ लिटरची सॅक वर्षभरासाठी एकमेव म्हणून घेऊ नये, मग ती कितीही स्वस्त असो. दुकानात जाताना लिटरभर पाण्याच्या तीन भरलेल्या बाटल्या आणि नेहमीचा डबा सोबत न्यावा, ते सॅकमध्ये घालून पट्टे आवळावेत आणि दुकानाच्या पायऱ्या दोनदा चढून-उतराव्यात. उतरताना भार पाठीवर आपटतो की शरीराबरोबर हलतो, एवढेच पाहायचे असते.