पंजा फुलाचा, पंजा कांगारूचा

वाघनखीचं फळ एकदा धोतराला अडकलं की त्या नावाची फोड करून सांगावी लागत नाही. नैर्ऋत्य ऑस्ट्रेलियातल्या 'कांगारू पॉ'चं तसंच आहे. लांबट पानांच्या झुबक्यातून उंच दांडा वर येतो आणि त्याच्या टोकाला लव असलेल्या मखमली कळ्या, बोटं जवळ घेतल्यासारख्या. अनिगोझँथॉस प्रजातीच्या अकराही जाती मूळच्या याच कोपऱ्यातल्या. लाल दांड्याची, हिरव्या फुलांची जात १९६० पासून वेस्टर्न ऑस्ट्रेलियाचं राज्यफूल आहे. नात्याने हे घराणं आपल्या नद्यांचा गळा घोटणाऱ्या जलपर्णीच्या जवळचं, हे मात्र बघून कुणालाही पटणार नाही.

कळी उमलते तीही वेगळीच. नळी एका बाजूने उभी फाटते, टोकं नख्यांसारखी मागे वळतात आणि सहा पुंकेसर ओळीने उघडे पडतात. गिऱ्हाईक म्हणजे मध खाणारे पक्षी. त्यांना हमिंगबर्डसारखं हवेत तरंगत पिता येत नाही, म्हणून ते दांड्यावरच बसतात. चोच आत गेली की पुंकेसर डोक्याला टेकतात आणि परागांचा टिळा लागतो. जातीनुसार तो टिळा डोक्यावर वेगवेगळ्या जागी लागतो, त्यामुळे शेजारी वाढणाऱ्या दोन जातींची सरमिसळ कमी होते. हा पंजा नुसता दिसायला पंजा नाही तर!

खऱ्या पंजाचं पहिलं काम याहून अवघड. जन्मतः कांगारूचं पिल्लू घेवड्याच्या दाण्याएवढं, वजन एक ग्रॅमच्या आत. मागचे पाय म्हणजे नुसते कोंब, पण पुढचे पंजे तयार असतात. आईची लव धरत ते आंधळं पिल्लू स्वतःच पिशवीपर्यंत चढतं. मोठेपणी उन्हाळ्यात कांगारू याच पुढच्या पायांना चाटून ओलं करतो. तिथे कातडीलगत रक्तवाहिन्यांचं दाट जाळं असतं, थुंकी वाळते तसं रक्त थंड होतं. मागच्या पायाला चारच बोटं. त्यांतली दोन कातडीने जोडलेली, त्यांचा उपयोग अंग विंचरायला.

नावांची गंमत पुढे आहे. काळ्या कांगारू पॉचं शास्त्रीय नाव मॅक्रोपिडिया फुलिजिनोसा, आणि त्याच भागातल्या करड्या कांगारूचं मॅक्रोपस फुलिजिनोसस. फुलिजिनोसस म्हणजे काजळी धरलेला. रंगावरून पडलेलं नाव, पण त्या रानाला शोभतं. तिथे वणवे नेमाने लागतात. वरचं सगळं जळून गेलं तरी जमिनीतल्या कंदासारख्या खोडातून कांगारू पॉ पुन्हा फुटतो. राज्यफुलाच्या बियांना तर धुराचीच हाक लागते. जळत्या पाल्यातून निघणारं एक संयुग पाण्यात अगदी किंचित सायनाइड सोडतं आणि तेवढ्याने बी जागं होतं. रोपवाटिकेत वणवा पेटवता येत नाही, म्हणून तिथले माळी पाण्यातून धूर सोडतात आणि ते धुराचं पाणी बियांना घालतात.