कॅन्सर हॉस्पिटलच्या स्कॅन मशीनसाठी वर्गणी: पावतीपुस्तक छापण्याआधी हे वाचा

गडचिरोली, चंद्रपूर, बालाघाटहून नागपुरात आलेल्या कॅन्सरच्या रोग्याला एका स्कॅनसाठी नातेवाइकांसह मुक्काम करावा लागतो. ते पाहून मंडळं, निवृत्तांचे गट वर्गणीला उभे राहतात. मन मोठं असतं, पण वर्गणीच्या परवानगीचा अर्ज परत येतो. का येतो, ते सांगतो.

तुमची संस्था नोंदणीकृत न्यास (ट्रस्ट) नसेल, तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ४१ क खाली धर्मादाय कार्यालयाची परवानगी घ्या. अर्ज ऑनलाइन होतो. सभासदांच्या सह्यांचा ठराव, ओळखपत्रं, पत्त्याचा पुरावा जोडायचा. हे सगळ्यांकडे असतं.

"आमच्याकडे गणपतीची परवानगी आहे ना!" असं पुष्कळ जण म्हणतात. ती गणपतीचीच. अर्जात लिहिलेला उद्देश आणि कागदावर छापलेली मुदत, एवढीच तिची हद्द. मुदत परवानगीच्या तारखेपासून मोजतात, पहिली पावती फाडल्यापासून नाही. इथे फार जण चुकतात.

कोणाकडेच नसतं ते हॉस्पिटलचं संमतीपत्र. तोंडी "हो, करा" चालत नाही. लेटरहेडवर अधिकृत सही-शिक्क्यानिशी कोणतं मशीन, किती रक्कम कमी पडते आणि पैसे कोणत्या खात्यात जमा करायचे, हे लिहून घ्या. सीटी किंवा पेट-सीटी असेल तर अणुऊर्जा नियामक मंडळाची परवानगी कुठवर आली, हेही विचारा. त्यांच्या मंजुरीशिवाय मशीन चालवता येत नाही. एमआरआयमध्ये क्ष-किरण नसल्याने ही अट नाही. एका काकांना या एका पत्रासाठी तीन खिडक्या फिरवलं. चौथ्या दिवशी कळलं, सही करणारे साहेबच रजेवर. जिवंत माणसाला असं ताटकळत ठेवायला नको होतं. तुम्ही मात्र आधी फोन करून साहेब आहेत का, ते विचारून जा.

आता करसवलत. देणगीवर आयकरात वजावट मिळवून देणारी 'ऐंशी-जी'ची पावती मंडळ देऊ शकत नाही, ती मान्यता असलेली संस्थाच देते. म्हणून मोठा देणगीदार भेटला तर चेक थेट हॉस्पिटलच्या न्यासाच्या नावे काढायला सांगा आणि पॅन नंबर तिथेच लिहून घ्या. पॅनशिवाय पुढे प्रमाणपत्र अडतं. २,००० रुपयांपेक्षा जास्त रोख दिली तर सवलत मिळत नाही. वस्तूरूपात दिलेल्या दानालाही नाही, म्हणजे कोणी सोनोग्राफी मशीनच विकत घेऊन दिलं तर मशीन मिळेल, वजावट नाही. नवी करप्रणाली निवडलेल्यालाही ती मिळत नाही. आधीच सांगा, नाहीतर मार्चमध्ये तुमच्यावरच रागावतील.

स्वतःच्या फोनचा क्यूआर कोड वर्गणीच्या फलकावर लावू नका, हात जोडून सांगतो. हेतू कितीही शुद्ध असो, खाजगी खात्यात आलेला पैसा वेगळा दाखवताना दमछाक होते. मंडळाच्या नावे खातं उघडा, कार्बन घातलेलं क्रमांकित पावतीपुस्तक वापरा, रद्द केलेली पावतीसुद्धा फाडून टाकू नका. संकलन संपल्यावर हिशेब धर्मादाय कार्यालयात मुदतीत सादर करा आणि पोच घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका.