ढोली, ऑक्टापॅड आणि पेनड्राइव्ह

नवरात्र जवळ आली की आमच्या बडोद्यात हा वाद निघतोच, खरा वाजवणारा कोण, ढोल वाजवणारा ढोली की इलेक्ट्रॉनिक पॅड वाजवणारा ऑक्टापॅडवाला. दांडिया बाजारातल्या काकामंडळींचं ठरलेलं असतं, "बटण दाबायला काय रियाझ लागतो का रे?" मला विचाराल तर हे भांडण कलेचं कमी आणि सुपारी, म्हणजे कार्यक्रमाचं काम, कोणाला मिळते याचं जास्त आहे, आणि ते आजचंही नाही.

बाहेरून आलेल्या वाद्याचं बडोद्याला तसं कधी वावडं नव्हतं. सयाजीरावांच्या राज्यात 1886 ला मौलाबक्षांनी गायनशाळा काढली (सुरसागरसमोरचं म्युझिक कॉलेज ते हेच), दरबाराचा ब्रास बँड होता, आणि त्याचे बँडमास्तर फ्रेडलिस यांनी आपली रागदारी पाश्चात्त्य नोटेशनमध्ये लिहून काढली. पण पेटीचं बघा ना, आज पेटीशिवाय भजन होत नाही आणि याच पेटीला आकाशवाणीने 1940 मध्ये बंदी घातली, मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) निघत नाही, श्रुती (सुरांमधले बारीक सूर) लागत नाहीत म्हणून, ती पुढे तीसेक वर्षं टिकली!

मशीनचा खरा राडा 1980 पासून. त्या वर्षी दोन ड्रम मशीन, म्हणजे आपोआप ठेका वाजवणारी यंत्रं, आल्या, रोलंड कंपनीची टीआर-808 सर्किटमधून आवाज बनवायची आणि रॉजर लिनच्या एलएम-1 मध्ये चक्क खऱ्या ड्रमचे रेकॉर्ड केलेले आवाज होते, म्हणजे सॅम्पल. 808 फार चालली नाही, बाराएक हजार बनवून 1983 ला बंद केली, मग सेकंडहँड स्वस्तात मिळायला लागली आणि खिशात पैसे नसलेल्या पोरांनी तिच्यावर हिपहॉप आणि टेक्नो उभं केलं. मधे 1982 ला लंडनमध्ये वादकांच्या युनियनच्या एका शाखेने सिंथेसायझरवर बंदीचा ठराव केला, कारण सरळ होतं, एका कीबोर्डवाल्याने अख्ख्या व्हायोलिन सेक्शनची रोजी खाल्ली तर काय करायचं. त्याच वर्षी आपल्याकडे वादक चरणजित सिंग यांनी 808 घेऊन दहा राग डिस्को ठेक्यावर वाजवले, तेव्हा कोणी ढुंकून बघितलं नाही.

सॅम्पलची गोष्ट जास्त टोचते. 1969 च्या एका रेकॉर्डमध्ये ग्रेगरी कोलमन नावाच्या ड्रमरने सहा-सात सेकंद एकट्याने ड्रम वाजवलेत, तो तुकडा नंतर हजारो गाण्यांत वापरला गेला आणि 2006 मध्ये कोलमन वारला तेव्हा राहायला घर नव्हतं त्याला. म्हणजे हात माणसाचाच होता, पैसे भलतीकडेच गेले.

आता ऑक्टापॅड. हा 1985 चा, आठ रबरी पॅड, काडीने वाजवायचे, ढोलाचा टोन भरला तरी हात लागतोच. गायकाने ऐनवेळी ओळ परत घेतली, लय चढवली, तर ऑक्टापॅडवाला लगेच त्याच्या मागोमाग जातो, आधी रेकॉर्ड केलेला ट्रॅक नाही जाऊ शकत. काकांना हे पटत नाही ते सोडा, पण गेल्या वर्षी आमच्या सोसायटीच्या गरब्याला ना ढोली होता ना ऑक्टापॅडवाला, कमिटीने पैसे वाचवले, एक पेनड्राइव्ह आणि दोन स्पीकर, बास! काका पहिल्याच रात्री अर्ध्यातून उठून घरी गेले.