मृदा आरोग्य पत्रिका: माती कधी द्यायची, कशी द्यायची आणि कागदपत्रे कोणती

मातीत काय आहे आणि कोणते खत घालायचे, हे माती तपासून सांगणारा कागद म्हणजे मृदा आरोग्य पत्रिका. ही योजना केंद्र सरकारने १९ फेब्रुवारी २०१५ रोजी सुरू केली. ती सर्व शेतकऱ्यांसाठी आहे, अल्पभूधारक असोत की मोठे. कागदपत्रांचा व्याप फारसा नाही. सातबारा उतारा, आधार कार्ड आणि चालू मोबाईल नंबर जवळ ठेवा. गावच्या सहायक कृषी अधिकाऱ्यांकडे (पूर्वीचे कृषी सहायक) नाव नोंदवा, किंवा स्वतः नमुना काढून जिल्हा मृद चाचणी प्रयोगशाळेत द्या. स्वतः नेणार असाल तर शुल्क आधी विचारून घ्या.

खरी काळजी घ्यायची ती नमुन्याच्या वेळेची. वरच्या थरातली माती वर्षभर सारखी नसते. उन्हाळ्यात पाणी वाफ होऊन उडते आणि खालचे क्षार वर येतात, म्हणून क्षारता जास्त दिसते. जोराच्या पावसानंतर हेच क्षार आणि नायट्रेट खाली झिरपतात. एकदा मे महिन्यात आणि पुढच्या वेळी ऑक्टोबरात नमुना दिला, तर आकड्यांतला फरक जमिनीचा की हंगामाचा, हे कळणार नाही. पीक निघाल्यावर, रान मोकळे असताना आणि खत घालण्याआधी नमुना घ्या. पुढच्या वेळीही तोच हंगाम धरा.

बांधाजवळची, झाडाखालची, उकिरड्याची किंवा पाणी साचणारी जागा टाळा. रानाचे चार कोपरे आणि मध्य अशा ठिकाणी वरचा पालापाचोळा बाजूला सारा आणि १५ ते २० सेंटीमीटर खोल, इंग्रजी व्ही आकाराचा खड्डा घ्या. खड्ड्यातली माती काढून टाका, मग त्याच्या कडेची वरपासून तळापर्यंत सारख्या जाडीची माती खरवडून घ्या. सूक्ष्म अन्नद्रव्ये तपासायची असल्याने गंजलेले खुरपे नको, लाकडी किंवा प्लॅस्टिकची पट्टी वापरा. सगळी माती एकत्र करून ढिगाचे चार भाग करा आणि समोरासमोरचे दोन काढून टाका. अर्धा किलो उरेपर्यंत हेच करा. ओली असेल तर सावलीत वाळवा, उन्हात नाही. खताच्या रिकाम्या गोणीवर माती पसरू नका. चिमूटभर खत मिसळले तरी अहवाल चुकतो.

स्वच्छ कापडी पिशवीत माती भरून आत चिठ्ठी ठेवा. तिच्यावर नाव, गाव, तालुका, गट नंबर, नमुन्याची तारीख, बागायत की कोरडवाहू, आधीचे पीक आणि पुढे घ्यायचे पीक लिहा. पुढचे पीक लिहायला बरेच जण विसरतात, पण खताची शिफारस त्यावरच बेतलेली असते.

सरकारी मोहिमेत जमिनीच्या चौकटी पाडून प्रत्येक चौकटीतून एक नमुना काढतात: बागायतीला अडीच हेक्टरची चौकट, कोरडवाहूला दहा हेक्टरची. त्यामुळे आपल्या चौकटीचा नमुना शेजारच्या रानातला असू शकतो. जमीन उंचसखल असेल किंवा रंगात फरक असेल, तर वेगळा नमुना स्वतः देणे केव्हाही चांगले.

पत्रिकेवर बारा गोष्टी येतात: सामू (पीएच, म्हणजे माती आम्ल की विम्ल), क्षारता, सेंद्रिय कर्ब (कुजलेल्या सेंद्रिय पदार्थांतला कार्बन), नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबे, मंगल (मँगनीज) आणि बोरॉन. नवी पत्रिका आली तरी जुनी फेकू नका. दोन्ही शेजारी ठेवून आधी सेंद्रिय कर्बाचा आकडा पाहा.