चादर कारखान्याची, निबंध कोणाचा?

सोलापुरी जॅकार्ड चादरीवर नाव असतं कारखान्याचं. कागदावर नक्षी काढणारा, तिच्याबरहुकूम मागावर चढवायच्या पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना भोकं पाडणारा, यांची नावं गिऱ्हाइकाला कधीच कळत नाहीत. काही अडतही नाही. चादर हातात घेतली की वजन आणि वीण कळते. औषधाबद्दलचा शोधनिबंध असा चाचपून बघता येत नाही. तिथे लिहिणाऱ्यावरच भिस्त.

आता सिव्हिलमधला डॉक्टर ओपीडी, राउंड उरकून रात्री निबंध लिहायला बसणार, तोही इंग्रजीत. त्याला मदत लागणारच. 'मेडिकल रायटर' हा त्यासाठी रीतसर पेशाच आहे: आकडे तक्त्यांत मांडणं, मसुदा करणं, भाषा घासूनपुसून घेणं. यात गैर काही नाही. गैर आहे ते हा माणूस आणि त्याला पैसे देणारा लपवणं.

अमेरिकेतल्या वायेथ कंपनीची गोष्ट यासाठी सांगण्यासारखी आहे. रजोनिवृत्तीनंतर घ्यायच्या तिच्या संप्रेरक गोळ्यांवर 16 हजारांहून जास्त बायकांची मोठी चाचणी चालू होती. स्तनाचा कर्करोग, हृदयविकार, पक्षाघात यांचा धोका वाढतोय असं दिसल्यावर 2002 मध्ये ती मुदतीआधीच थांबवली. पुढे खटले झाले, 2009 मध्ये कोर्टातली कागदपत्रं खुली झाली, आणि या उपचाराची बाजू घेणारे 26 लेख कंपनीने पैसे देऊन लिहून घेतले होते हे उघड झालं. वर नावं मात्र नामवंत डॉक्टरांची! ते वाचून चिठ्ठी लिहिणाऱ्याला कसं कळावं?

वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांचा एक गट 1978 मध्ये कॅनडातल्या व्हँकुव्हरला जमला होता. त्यांची नियमावली आज जगभर चालते. लेखक म्हणवून घ्यायला तीत चार अटी आहेत: अभ्यासात भरीव वाटा, लेखन किंवा चिकित्सक दुरुस्ती, अंतिम मसुद्याला मान्यता, आणि सगळ्या कामाची जबाबदारी. चारही हव्यात. नुसती भाषा सुधारणारा यात बसत नाही. त्याचं नाव शेवटी ऋणनिर्देशात जातं, पैसे कोणी दिले हेही सांगावं लागतं. चॅटबॉटला जबाबदारी घेता येत नाही, म्हणून तो लेखक नाही. पण वापरला असेल तर तसं लिहायचं.

आणखी एक मजेशीर कलम आहे. ज्याचे आभार मानायचे, त्याची लेखी परवानगी घ्या, असं ते सुचवतं. कारण नाव छापलं की निष्कर्ष त्यालाही मान्य आहेत असा अर्थ निघू शकतो. आपल्याकडे चौकातल्या डिजिटल फलकावर 'शुभेच्छुक' म्हणून न विचारता नाव छापून आलेल्यांना हे चटकन पटेल.