गिरणगावची वाटणी: घरं किती, ऑफिसं किती

सकाळी नऊच्या सुमाराला मुंबईच्या लोअर परळ स्टेशनात उतरलात तर चालावं लागत नाही, गर्दीच पुढे नेते. ही माणसं कल्याण, विरार, डोंबिवलीहून येतात आणि संध्याकाळी तशीच परत जातात. ज्या ऑफिसांत ती जातात त्यांच्या शेजारीच पन्नास-साठ मजली टॉवर आहेत, पण त्यांतलं घर या गर्दीतल्या क्वचितच कुणाला परवडतं. घरं आहेत, ऑफिसंही आहेत, फक्त दोन्हींतली माणसं वेगळी आहेत. हे एका रात्रीत झालेलं नाही.

१८५४ मध्ये कावसजी नानाभाई दावर यांनी ताडदेवला कापड गिरणीची कंपनी काढली आणि पुढच्या शंभर वर्षांत ताडदेव, भायखळ्यापासून परळ, लालबाग, वरळी, दादरपर्यंत गिरण्यांचं गाव वसलं. या गावाचा नकाशा भोंग्यावर ठरलेला होता. भोंगा ऐकून निघालं तरी पाळी गाठता येईल इतक्या अंतरावर माणूस राही. याचे फार गोडवे गाण्याचं कारण नाही. कोकणातून, घाटावरून आलेले पुरुष एकेका खोलीत दहा-पंधराजण राहत, एक पाळी कामावर गेली की दुसरी अंथरुणावर पडे, आणि जेवण खाणावळीतल्या बाईकडे. प्लेगनंतर १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला, १९२० च्या दशकात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने (बीडीडी) वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडीला कामगारांसाठी २०७ चाळी बांधल्या. काही गिरण्यांनी स्वतःच्या चाळी बांधल्या, पण त्या पुरणाऱ्या नव्हत्या. घर बाजारावर सोडलं तर कामगाराला ते मिळत नाही, हे तेव्हाच्या सरकारलाही कळून चुकलं होतं.

१८ जानेवारी १९८२ रोजी कामगार नेते दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. गिरण्या मात्र एकामागून एक थंडावल्या, आणि मालकांच्या ताळेबंदात सूत-कापडापेक्षा जमीन भारी ठरू लागली. सगळी मिळून जवळपास सहाशे एकर, तीही बेटाच्या अगदी मधोमध.

त्या काळचं सरकारी धोरण वेगळ्याच दिशेला चाललं होतं. ऑफिसांनी मुंबई बेट सोडावं, असं नियोजनकारांचं म्हणणं होतं. नवी मुंबई वसवण्यासाठी १९७० मध्ये सिडको ही सरकारी कंपनी स्थापन झाली. १९७७ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलाचं नियोजन एमएमआरडीए या महानगर विकास प्राधिकरणाकडे, म्हणजे तेव्हाच्या बीएमआरडीएकडे गेलं. पण समुद्रात भराव घालून नरिमन पॉइंटवर टॉवर चढतच राहिले, आणि सचिवालय खाडीपलीकडे न्यायची कल्पना कागदावरच राहिली. राज्यकर्तेच हलायला तयार नव्हते, मग कंपन्या कशाला हलतील?

अशा वेळी १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत नियम ५८ आला. गिरणगावात आजही लोक त्याला ‘अठ्ठावन्न नंबर’ म्हणतात. त्याचं गणित ढोबळमानाने असं: गिरणीच्या जमिनीचा एक तृतीयांश भाग पालिकेला मैदानं-बागांसाठी, एक तृतीयांशाच्या आसपास म्हाडा या सरकारी गृहनिर्माण संस्थेला घरांसाठी आणि उरलेला मालकाला. मालकाने आपल्या वाट्यावर घरं बांधायची की ऑफिसं, याचं प्रमाण मात्र नियमाने ठरवलं नव्हतं. मला ही गोष्ट मोठी वाटते. समतोल राखायचा म्हणून जो नियम केला, त्याने घर-ऑफिसाचा तोल सरळ बाजारभावाच्या हाती दिला. तरीही दोन तृतीयांश जमीन सार्वजनिक कामाला येणार होती, हेही थोडं नव्हतं.

मालकांना ते पचेना. जमीन सोडावी लागू नये म्हणून अनेकांनी शेड पाडल्याच नाहीत. आतच ऑफिसं, दुकानं, हॉटेलं भाड्याने दिली, आणि एका गिरणीत तर बोलिंग अ‍ॅलीसुद्धा उभी राहिली. १९९६ मध्ये वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांच्या अभ्यासगटाने सगळ्या सरकारी गिरण्यांच्या जमिनी एकत्र धरून आराखडा करावा असं सुचवलं. तुकड्या-तुकड्यांनी गेलं तर रस्ते, मैदानं, स्टेशनांभोवतीची मोकळी जागा काहीच जुळणार नाही, हे उघड होतं. अहवाल बाजूला पडला.

२००१ मध्ये नियम बदलला. वाटणी आता सगळ्या जमिनीची नाही, तर आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीचीच. गिरणीच्या आवारात मोकळी जमीन असते किती? शेड, गोदामं, बॉयलर, चिमणी यांनीच सगळं व्यापलेलं. एका शब्दाने पालिकेचा आणि म्हाडाचा वाटा आटला. २००५ मध्ये उच्च न्यायालयाने हा बदल अडवला, पण ७ मार्च २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो ग्राह्य धरला. त्याआधीच राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाने पाच गिरण्यांच्या जमिनी विकल्या होत्या. त्यांतली मुंबई टेक्स्टाइल मिल डीएलएफ या बिल्डर कंपनीने ७०२ कोटींना घेतली आणि २०१२ मध्ये लोढा बिल्डरांना २,७२७ कोटींना विकली. मधल्या सात वर्षांत त्या जमिनीवर काय पिकलं, हे आकड्यांतूनच कळतं.

पुढे वारा ज्या दिशेला, तिकडे बांधकाम. एल्फिन्स्टन आणि ज्युपिटर गिरण्यांच्या जागेवर ऑफिसं आली, श्रीनिवास मिलवर उंचच उंच निवासी टॉवर. दलालांनी लोअर परळला ‘अप्पर वरळी’ म्हणायला सुरुवात केली. स्टेशन, पूल आणि गल्ल्या मात्र गिरणीच्या काळातल्याच राहिल्या. गिरणी कामगार चालत यायचा, हा नवा नोकरदार लोकलने येतो, हा फरक कुणी हिशेबात धरला नाही. २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोड-परळ स्टेशनांच्या पादचारी पुलावर चेंगराचेंगरीत २३ जण गेले. ती सकाळची, कामावर पोहोचायची वेळ होती.

तरी पुढच्याच वर्षी लागू झालेल्या, २०३४ पर्यंतच्या विकास नियमावलीने रुंद रस्त्यांवर ऑफिसांसाठी ५ पर्यंत एफएसआय, म्हणजे जमिनीच्या पाचपट बांधकाम, देऊ केला. शहर भागात घरांसाठी तो साधारण ३ वर थांबतो. म्हणजे पारडं पुन्हा ऑफिसांकडे. २०२३ मध्ये बॉम्बे डाइंगने वरळीची सुमारे २२ एकर जमीन जपानच्या सुमितोमो समूहातल्या कंपनीला जवळपास ५,२०० कोटींना विकायचं ठरवलं. ‘मेट्रो ३’ ही मार्गिका ऑक्टोबर २०२५ पासून कफ परेडपर्यंत धावते, तिने गर्दी थोडी वाटली जाईल. पण ती माणसांना ऑफिसापर्यंत आणते, ऑफिसाजवळ घर देत नाही.

ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या बीडीडी चाळीतल्या ५५६ कुटुंबांना त्याच जागी ५०० चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. पूर्वीची खोली १६० चौरस फुटांची होती. त्याच्या महिनाभर आधी, ९ जुलैला, गिरणी कामगार आणि त्यांचे वारस आझाद मैदानावर जमले होते. म्हाडाकडे घरासाठी त्यांचे पावणेदोन लाखांच्या आसपास अर्ज आहेत. सरकारने देऊ केलेली घरं शेलू आणि वांगणीला आहेत, मुंबईपासून लांब, कर्जतच्या लाइनवर.