चाकाची पकड आणि चाकाला होणारा रोध

सरकणाऱ्या ठोकळ्याचे घर्षण शाळेत सर्वांनीच केलेले असते. ती आकृती येथे पुन्हा काढत नाही. गोंधळ सुरू होतो तो ठोकळ्याच्या जागी चाक आले की.

न घसरता गडगडणाऱ्या चाकाचा जमिनीला टेकलेला बिंदू त्या क्षणापुरता स्थिर असतो. म्हणून तेथे असते ते स्थितिक घर्षण, म्हणजेच पकड, आणि ती ऊर्जा खात नाही. उतारावरून गडगडणाऱ्या भरीव नळकांड्यावर ती चढाच्या दिशेने असते. नळकांडे चढावर जात असतानाही तिची दिशा तीच राहते. एवढे बहुतेकांना पटते.

मग फरशीवर सोडलेली गोटी का थांबते? उत्तरादाखल स्पर्शबिंदूपाशी मागे वळलेला एकच बाण काढून खाली ‘रोलिंग फ्रिक्शन’ लिहिण्याची पद्धत मला मुळीच मान्य नाही. त्या बाणाने गोटीचा मध्य मंदावेल हे खरे, परंतु त्याच बाणाचा मध्याभोवतीचा टॉर्क, म्हणजे बलाचा फिरवणारा परिणाम, फिरणे वाढवणारा निघतो. म्हणजे गोटी पुढे हळू सरकेल आणि फिरेल मात्र अधिक वेगाने, जे न घसरता शक्यच नाही! वस्तुस्थिती अशी की गोटी आणि फरशी, किंवा टायर आणि रस्ता, किंचित दबतात, आणि दबताना खर्च झालेली सगळी ऊर्जा पूर्ववत होताना परत मिळत नाही. त्यामुळे टेकलेल्या भागाच्या पुढच्या अर्ध्यावर दाब जास्त आणि मागच्या अर्ध्यावर कमी राहतो, जमिनीची वर ढकलणारी प्रतिक्रिया मध्याच्या थोडी पुढे सरकते, आणि तिचा टॉर्क फिरण्याला आडवा येतो. हरवलेल्या ऊर्जेने टायर तापतो. याला ‘रोलिंग रेझिस्टन्स’च, म्हणजे गडगडण्याला होणारा रोधच, म्हणावे, घर्षण हा शब्द येथे दिशाभूल करतो.

आकडेही बोलके आहेत. कोरड्या डांबरावर मोटारीच्या टायरची पकड जास्तीत जास्त वजनाच्या ०.७ ते ०.९ पट मिळते, तर रोध जेमतेम ०.०१ ते ०.०१५ पट असतो. पोलादी रुळावर रोध त्याहून कितीतरी कमी, पण पकडही तोकडी. म्हणूनच कर्जत-लोणावळा घाटातल्या ३७ला १ (३७ मीटर अंतरात १ मीटर उंची) या चढावर गाडीला जादा इंजिने लावावी लागतात, आणि रूळ ओले असले की इंजिनाच्या चाकांपुढे वाळू सोडतात. ती वाळू पकड वाढवते. रोध तिने कमी होत नाही, उलट थोडा वाढतोच.